शेरा

जानेवारीतला मंगळवार, आयोवा, उणे एकोणीस.
मैदानावर बर्फ, गोलपोस्टवर एक कावळा,
त्याला आमच्या हंगामाशी देणंघेणं नाही.
माझ्या टेबलावर तीन फाइली.
ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर पाहिजे:
वर काचेच्या खोलीत बसून
खाली अकरा पोरांना पळवणारा माणूस.
व्हर्न म्हणायचा, 'उंटावरून शेळ्या हाकतो मी,
पण उंट गुणी आहे.'
व्हर्नला मी नोव्हेंबरात काढलं.

पहिला ब्रॅन्ट ओलिंजर, वय एकतीस.
हात मिळवायच्या आधी त्यानं प्लगची जागा हेरली.
तिसऱ्या डाऊनला सात यार्ड हवे असताना
डावीकडचा सेफ्टी किती टक्के पुढे सरकतो,
पाऊस असेल तर किती,
स्टँडमध्ये बाप बसला असेल तर किती
(हे शेवटचं मी मनात वाढवलं).
हुशार आहे.
पोरांना तो 'संसाधन' म्हणाला.
दोनदा.

दुसरा लेऑन थिबोडो, लुइझियानाचा, अठ्ठावन्न.
पाच गावांनी काढलेला,
पाचही गावांची थंडी गुडघ्यात साठवलेली.
फळ्यावर त्यानं एकच खेळी काढली,
तीच उलटी करून दाखवली,
मग तिच्याच पोटातून तिसरी.
कुणी विचारलं नसताना म्हणाला, बायको सोबत येणार नाही.
जेवणानंतर उरलेला पाव रुमालात बांधून घेतला.
मला तो आवडला.
आवडण्याच्या रकान्याला फॉर्ममध्ये गुण नाहीत.

प्रश्न सगळ्यांना एकच:
चौथा डाऊन, एक यार्ड, दीड मिनिट उरलंय,
आपण चारने मागे. कुठली खेळी द्याल?

ओलिंजर म्हणाला, आकडे सांगतात, मधून घुसा.
थिबोडो म्हणाला, लाइनमध्ये सगळ्यात दमलेलं पोर कोणतं, ते आधी सांगा.
तिसरा, नोआ फालेआफा, बराच वेळ काहीच म्हणाला नाही.
मग म्हणाला, 'ही तुमचीच मॅच.
नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. बावीस वेळा पाहिली मी.
वरून खेळी आली होती मधून घुसायची.
क्वार्टरबॅकनं ती पोरांना सांगितलीही होती.
मग तो तुमच्याकडे वळला.
तुमचे ओठ चार सेकंद हलले.
पोरं विस्कटली, नव्यानं उभी राहिली,
चेंडू उजव्या कोपऱ्यात गेला, कुणाच्याच हातात नाही.
ती खेळी त्यांची नव्हती.'

हीटरचा आवाज.
डायरेक्टर बाई हातात पेन असताना पेन शोधू लागल्या.

त्या रात्री पत्रकारांसमोर व्हर्न म्हणाला होता, 'खेळी माझी.'
मी शेजारीच उभा, टोपी हातात घेऊन.
खापर फुटायला एक डोकं लागतं,
त्यानं आपलं पुढं केलं.
आणि मी?
मी माझं जपलं, आठवडाभरानं त्याला पत्र दिलं,
पत्रात 'परस्परसंमतीने' हा शब्द होता.

फालेआफाला विचारलं, हे दिसल्यावरही इथं का आलात?
'तिसरं मूल मार्चमध्ये,' तो म्हणाला.
'आणि कुणाच्या हाताखाली राबायचंय
ते मी आधी बघून घेतो. बघितलं.'
पाणी प्यायला. ग्लास होता तिथंच ठेवला.

आता रात्रीचे दहा. फॉर्म भरतोय.
तांत्रिक ज्ञान: नऊ.
संवादकौशल्य: इथं पेन अडलं, मग आठ.
शेरा:
'सोबत काम करायला अवघड'
लिहून झालं. खोडलं नाही.
पुढं फक्त एक स्वल्पविराम दिला.

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात
व्हर्नच्या हातचा एक बाण अजून आहे.
सफाईवाली बाई सगळं पुसते, तेवढा सोडते,
तिला तसं कुणी सांगितलेलं नाही.

स्वल्पविरामानंतर काही सुचत नाही.
खाली पार्किंगमध्ये थिबोडोची भाड्याची गाडी
घुरघुरते, गप्प होते, पुन्हा घुरघुरते.
जम्पर केबल माझ्या डिकीत आहे.
कोट घालतो. दिवा चालूच ठेवतो.